घर मोजणारे सर

माझ्या रोजच्या यादीत दूध, गॅस, टाकीचं पाणी आणि शाळेच्या कार्यालयातली राहिलेली बिलं असत. सगळ्यात खाली एक काम कायम असे: सरांशी वाद घालू नये. ते आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते तेवढी वर्षं मी हे काम रोज लिहिलं आणि फार थोड्या दिवशी त्यावर रेघ मारता आली.

सर यवतमाळच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. मूळचे नेरच्या बाजूचे. उंच, जरा पुढे झुकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी विजेचा टेस्टर. खोल्या बघायला आले तेव्हा इतर भाडेकरू विचारतात तसं काहीच त्यांनी विचारलं नाही. भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दुपारी ही खोली तापते?"

"तापते," मी म्हणाले. खोटं कशाला बोला?

"किती?"

"तापते म्हणजे... बऱ्यापैकी."

त्यांनी पिशवीतून तापमापक काढला, खुंटीला टांगला आणि त्याखाली सतरंजीवर बसले. "दुपार होऊ द्या," म्हणाले. मी खाली येऊन स्वयंपाक केला, जेवले, भांडी घासली. वर जाऊन पाहते तर सर तिथेच, घामाने चिंब आणि प्रसन्न. मी ताक दिलं. त्यांनी आकडा सांगितला, ताक प्यायले आणि खोल्या घेतल्या.

"किती?" हा त्यांचा एकच प्रश्न होता. 'का' विचारायचं काम ते इतरांवर सोपवत. भाजीवाली म्हणाली, "वांगे एकदम ताजे हायेत सर," की हे विचारणार, "किती ताजे?" पहिल्यांदा ती चिडली. मग तिला त्यात मजा वाटायला लागली. नंतर ती गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत यायची, "सर, पहाटेचे वांगे! मेथी कालची हाय, उगी भांडू नोका!" गल्लीत सगळ्यांनाच खरी भाजी मिळायला लागली, ती अशी. एकदा आम्ही एका मयतीला गेलो होतो. तिथे कोणीतरी सरांना म्हणालं, "लय दुःख झालं हो." सरांचे ओठ हलले. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्यांनी खोकल्यासारखं केलं आणि आभाळाकडे बघत राहिले.

मी आमच्या कॉलनीच्या समितीची सचिव, म्हणून ते मला सेक्रेटरीबाई म्हणत. माझी यादी जिन्यात राहिली तर वाचून टाकत. "सेक्रेटरीबाई, याच्यात अंदाज किती अन् मोजलेलं किती, ते वेगळ्या शाईनं लिहीत जा." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लाल पेन आणलं. अंदाज लाल, मोजलेलं निळं. आजही तसंच लिहिते, आणि महिन्याचा किराणा लिहायला बसलं की पान लालभडक होतं.

आणखी एक. आकडा सर प्रमाण मराठीत सांगत, बातम्या वाचल्यासारखा. भांडण मात्र वऱ्हाडीत करत. त्यामुळे ते कोणत्या भाषेत बोलताहेत ते खालच्या मजल्यावरून ऐकून मी ठरवायची, वर जावं की नाही.

आमची कॉलनी यवतमाळात, लोहाऱ्याच्या अलीकडे. एका टोकाला भंगाराचं गोदाम आहे. बाहेरगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं सामान तिथे आलं आणि त्यात शिशाच्या जाड कवचातलं एक लहानसं उपकरण होतं. टाकीत माल किती आहे ते बाहेरूनच सांगणारं. त्याच्या पोटात किरणोत्सर्गी गोळी असते हे कोणाला ठाऊक! गोदामातल्या माणसाने शिशाच्या आशेने ते घणाने फोडलं. त्याची बोटं भाजली. नागपूरला बरेच दिवस राहून तो बोटांसकट परत आला आणि आता चहाची टपरी चालवतो, हे आधीच सांगून टाकते.

मग मुंबईहून सरकारी पथक आलं. पांढरे पोशाख, पिवळ्या फिती, पिंपं. त्यांनी गोळी नेली, तिचे सांडलेले कण नेले, गोदामातली माती खरवडून नेली, गल्लीतली घरं तपासली आणि परिसर सुरक्षित असल्याचा कागद चावडीच्या भिंतीवर लावून गेले.

"कागदाचं काय घेऊन बसले," दादाराव म्हणाले. दादाराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांचं नेर रस्त्याला वावर आहे आणि गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. "कागदावर तं आपला रस्ताही डांबरी हाय."

आणि रस्ता खरंच कागदावर डांबरी होता.

पथक इथे असताना सर रोज त्यांच्या फितीपाशी उभे राहायचे. त्यांच्याकडे स्वतःचं एक हातात मावणारं पिवळं मीटर होतं, निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं. पथकातल्या एका तरुण अधिकारी बाईने शेवटी ते मागितलं, आपल्या मीटरशेजारी धरून पाहिलं आणि सांगितलं, "थोडं जास्त दाखवतं, पण चालेल." मग तिने त्यांना पद्धत शिकवली. कमरेच्या उंचीवर एकदा, जमिनीलगत एकदा. छपराचं पाणी पडतं तिथे हमखास. आकडा स्थिरावेपर्यंत हलायचं नाही. सर घरी आले ते उड्या मारतच. "सेक्रेटरीबाई, त्या पोरीनं आज मले विद्यार्थी केलं!"

तरीही ते मीटर बरेच दिवस फडताळातच राहिलं. बाहेर काढलं ते बेबीताईमुळे.

बेबीताईचं घर गोदामाला लागून. ती खानावळ चालवते. औद्योगिक वसाहतीतले कामगार तिच्याकडे जेवायचे, काहींचे डबे जायचे. तिच्या हातचं वरण साधं असतं, पण ते खाल्ल्यावर माणूस दुपारभर कोणावर ओरडत नाही. पथक गेलं आणि लोक यायचे थांबले. तिच्या घरचं पाणी प्यायलं की हाडात उतरतं, असं कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांनीच उचललं. एका सकाळी ती माझ्याकडे आली आणि पायरीवर बसली.

"ताई, मी घर विकून पुसदले जातो भावाकडं. गिऱ्हाईक पाहून द्या."

"अगं, पथक सांगून गेलंय ना?"

"त्यायनं सांगलं. पर लोक म्हनतेत, तिच्या घरात लय हाय."

जिन्यावरून आवाज आला, "किती?"

बेबीताईने वर पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते, आवाज मात्र कोरडा. "कोनाले मालूम सर? माह्या आजीच्या हातचं पानी लोक पेत नोयते. तवा कारन निराळं होतं. आता हे नवं काढलं."

सर दोन पायऱ्या खाली आले. "त्या कारणाचं मीटर कोणापाशीच नोयतं, बेबीताई," ते म्हणाले. "याचं हाय."

दुसऱ्याच दिवशी मोजणी सुरू झाली. मी घरांचा क्रम लावला, वेळा ठरवल्या, निरोप दिले. सरांची अट एकच होती: सुरुवात गोदामापासून सगळ्यात दूरच्या घराने करायची. "आधी निरोगी माणूस पाहावं, मग आजारी. नाहीतर ताप कशाले म्हणता?" सगळ्यात दूरचं घर आमचंच होतं.

ते दारात उभे राहिले ते अनोळखी पाहुण्यासारखे. हातात बांबूची काठी, तिला कमरेच्या उंचीवर मीटर बांधलेलं. "श्वास घ्या, बोलू नका." मीटरला बोलण्याचं काही नसतं, हे मला नंतर कळलं. सरांनाच बोलण्यात आकडा दिसत नसे. चहा विचारला तर म्हणाले, "मोजल्यावर. चहा घेतला की माणूस घराच्या बाजूचा होतो."

बैठकीत दशांश शून्य नऊ. तासाला इतके मायक्रोसिव्हर्ट, असं काहीतरी. माझ्या यादीत मी फक्त आकडा लिहिला. झोपायच्या खोलीत तेवढाच. मग सर स्वयंपाकघरात गेले, काठी ओट्यावर टेकली आणि यंत्र घाईघाईने टकटकायला लागलं. दशांश एक आठ. दुप्पट!

गोदामापासून सगळ्यात लांबचं घर, आणि दुप्पट. मी ओट्यावरची सगळी भांडी झटक्यात खाली काढली. आमचे हे पेपर घेऊन आत आले आणि मला विळी-पातेल्यांच्या ढिगात बसलेली पाहून गुपचूप परत गेले. "गवंडी बोलावते," मी म्हणाले. "आजच फोडते. परवा दिवाळीत घातलाय हो हा!"

सर हसत होते. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "बाई, ग्रॅनाइट हाय थो. डोंगरातून असाच आला. आपल्या काळ्या दगडात कमी असते, ग्रॅनाइटात जास्त. जनमभर याच्यावर पोळ्या लाटा, काही होत नाही." मग प्रमाण भाषेत, "शून्य कुठेच नसतं. शून्य मागू नका. नेहमीपेक्षा किती जास्त आणि कशामुळे, एवढंच विचारा."

भांडी परत जागेवर लावताना मी त्यांना चहा दिला नाही. संध्याकाळी दिला.

हळूहळू गल्लीला या मोजणीचा नाद लागला. निकाल लागावा तसे लोक दारात थांबायचे. "आमचं किती आलं?" "दशांश शून्य आठ." "अन् शेजारच्याचं?" "दशांश शून्य नऊ." "पाह्य बरं! म्या म्हटलंच होतं, आपलं कमी येईन!" सर वऱ्हाडीत तडकायचे, "अबे, हा फरक नोय! मशीन डुलते तेवढी!" पण ऐकतो कोण! एका घराने तर दारावर आकडा रांगोळीने काढला होता. सर तो पुसायला वाकले आणि घरमालकिणीने त्यांना हळदीकुंकवाच्या बायकांसारखं ओवाळलं.

गोदामाजवळची दोन घरं तेवढी राहिली, दादारावांचं आणि टोकाला बेबीताईचं. "आधी तिचं मोजा," दादाराव म्हणाले. "माह्या समोर मोजा. मंग पाहू."

रविवारी सकाळी निम्मी गल्ली बेबीताईच्या दारात होती. आत आम्ही चौघंच गेलो, सर, मी, बेबीताई आणि दादाराव. दादाराव पायातले जोडे न काढताच आत आले. जमिनीला पाय लागू नयेत म्हणून असावं. बेबीताईने जोड्यांकडे पाहिलं.

समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर ताजी फुलं. दशांश शून्य नऊ. चुलीपाशी तेवढाच. पाण्याच्या गुंडापाशी सर जरा जास्तच वेळ थांबले, मुद्दाम. दशांश शून्य आठ. छपराच्या वळचणीखाली, गोदामाच्या भिंतीपाशी, दोन्हीकडे नेहमीचाच. बेबीताईचे खांदे हळूहळू खाली येत होते. शेवटी राहिली जेवणाची खोली. लांबट, थंड, शेणाने सारवलेली. कोपऱ्यात जुन्या चादरीने झाकलेला उंचवटा, त्यावर जेवायच्या बसकरांची गुंडाळी. सर खोलीच्या मध्यावरून त्या कोपऱ्याकडे वळले आणि यंत्र टकटकायला लागलं.

टकटक जवळ जवळ येत गेली. दादाराव दाराकडे सरकले. बेबीताईने भिंतीचा आधार घेतला.

मी सरांच्या कानाशी गेले. "सर, आत्ता मोठ्याने नका सांगू."

"दशांश दोन पाच!" सर बातम्यांच्या आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "लपवला की थोच आकडा दहापट होते, बाई."

बाहेर पळापळ झाली. दादाराव सगळ्यांत पुढे. "म्या म्हटलं नोयतं? म्या म्हटलं नोयतं?" हे त्यांचं रस्त्याच्या पलीकडून ऐकू येत होतं. बेबीताई खाली बसली. "जातो मी पुसदले," एवढंच म्हणाली.

सर जागचे हलले नव्हते. एखादा डॉक्टर पोट दाबून पाहतो तशी त्यांनी काठी भिंतीवरून फिरवली. भिंतीला टकटक कमी. जमिनीला कमी. वर छताकडे कमी. त्या उंचवट्यापाशी आली की जास्त. त्यांनी बसकरं उचलून माझ्या हातात दिली आणि चादर ओढली. खाली चार पोती होती. एकाच्या फाटक्या कोपऱ्यातून लालसर खडे सांडले होते.

"हे कोणाचं?" सरांनी विचारलं.

बेबीताईने वाकून पाहिलं. "हे... दादारावचं पोट्याश खत हाय. त्यायच्या कोठीचे टिनं बदलाचे होते, म्हून माह्या इथं ठेवलं. मंग हे गोदामाचं झालं अन् थे काही न्याले आलेच नाही. भेले ना!"

पोती ठेवायला तिचं घर चाललं होतं. तिथे पाणी प्यायला मात्र दादाराव कधीच थांबले नव्हते.

सर पोत्यावर टेकले आणि आधी गालातल्या गालात, मग मोठमोठ्याने हसायला लागले. आम्हा दोघींना वाटलं यांना किरणं लागली. "पोटॅश! अरे बाप्पा, पोटॅश! त्यात असतेच! जमिनीत असते, कापसाच्या पराटीत असते, तुरीच्या दाळीत असते, तुमच्या-माह्या हाडात असते! जरा जरा! ढीग लावला की मशीनले दिसते, एवढंच!" ते तसेच दारात गेले आणि ओरडले, "कंडक्टरसाहेब! आपलं सामान उतरवून घ्या!"

नुसतं सांगून गल्ली ऐकणार नव्हती. ऐकवण्यापेक्षा दाखवावं, हे सरांनी जन्मभर केलं होतं. भाजीवालीचा ढकलगाडा मागवला. पोत्यांना हात लावायला कोणी तयार होईना, म्हणून दादारावांनाच ती वाहावी लागली. एक पोतं बाहेर गेलं, सरांनी कोपरा मोजला. दुसरं गेलं, मोजला. प्रत्येक वेळी आकडा उतरत गेला आणि चौथ्या पोत्यानंतर तोच कोपरा दशांश शून्य नऊ. मी दारात उभी राहून एकेक आकडा ओरडून सांगत होते आणि बाहेरचे लोक माझ्यामागून म्हणत होते.

मग वरात निघाली. पुढे दादाराव गाडा ढकलताहेत, शर्टावर लाल धूळ, अंगातून पाणी निथळतंय. त्यांच्या अगदी शेजारून सर चालताहेत, काठी पोत्यांवर धरून. टकटक टकटक टकटक. लोक आधी बाजूला झाले. मग एकाला हसू आलं. दादारावांच्या दारापर्यंत गाडा पोहोचला तोवर सगळी गल्ली हसत होती, आणि भाजीवाली ओरडत होती, "ताजं पोट्याश घ्या, ताजं!"

दारात दादारावांची बायको उभी. पदर खोचलेला, हातात कालथा. "हे घरात नोको."

"वहिनी, काही होत नाही त्यानं," सर म्हणाले. "पथकानंही हे घर ठीकच म्हटलं होतं. वावरात टाकता, त्यातलीच तूर खाता."

"काही नाही होत?"

"काहीच नाही."

"मंग तिच्या घरी होतं तवा काहून होऊन राह्यलं होतं?"

दादारावांनी गाड्याचा दांडा सोडला आणि गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. ते पुसणं बराच वेळ चाललं.

"आता तुमचं घर," सर म्हणाले. त्यांना या सवाल-जवाबाशी काही देणंघेणं नव्हतं. एक घर मोजायचं राहिलं होतं. पण सकाळपासून काठी धरून त्यांचा हात भरून आला होता. मी पुढे झाले.

"थांबा ताई," मागून बेबीताई म्हणाली. "काठी मी धरतो. माह्या घरात सारे जोडे घालून फिरले. आता मी फिरन यायच्या घरात. जोडे काढून फिरन."

तिने दाराबाहेर चपला काढल्या, नीट जोडीने ठेवल्या आणि सरांच्या हातून काठी घेतली. दादाराव बाजूला झाले. त्यांची बायकोही झाली. बैठक, मधली खोली, देवघराचा उंबरठा. बेबीताई काठी धरायची, थांबायची, सर चष्मा वर करून आकडा बघायचे. आम्ही मागे. अशी ती त्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत गेली. त्या घरात ती इतकी आत यापूर्वी कधी आली नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

गॅसवर वरणाचं पातेलं होतं. बेबीताईने मान वळवून हवा हुंगली.

"वहिनी, वरन लागून राह्यलं."

"अगं माय!" वहिनी दारातच होत्या, वाट अडलेली. तोवर बेबीताईने काठी सरांच्या हातात देऊन गॅस बारीक केला होता, कालथा मागून घेतला होता आणि तळापासून वरण हलवायला सुरुवात केली होती. सावकाश, कडेने, रोज करते तशी. थोडं पाणी मागितलं. वहिनींनी स्वतः गुंडातून तांब्या भरून तिच्या हातात दिला. मग मिसळणाचा डबा पुढे केला. "मीठ तुमीच टाका, बेबीताई. या मशीनीच्या नादात मले अंदाज नाही राह्यला."

तिने मीठ टाकलं, चिमूटभर हिंग टाकला. घरभर वास सुटला.

दादाराव मधल्या खोलीत लाल धुळीने माखलेले उभे होते. त्यांनी घसा खाकरला. गल्लीत ते तिला बेबीबाई म्हणत, तेही लांबूनच. "ताई," ते म्हणाले, "उद्या उघडी राहीन ना खानावळ?"

बेबीताईने मागे वळून पाहिलं नाही. कालथा फिरत राहिला.

"उघडीच होती," ती म्हणाली. "येनारे बंद होते."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी हसले. दादाराव जमिनीकडे बघत होते, पण त्यांचेही खांदे हलत होते. आणि सर ओट्याच्या कोपऱ्यात काठी उभी धरून, बातम्यांच्या आवाजात, दशांश शून्य नऊ, दशांश शून्य नऊ असं सांगत होते आणि कोणी लिहून का घेत नाही म्हणून वऱ्हाडीत चिडायला लागले होते.